उद्घाटनानंतरचं दहावं वर्ष

प्रश्न: मी विट्याजवळच्या एका गावातली, वय २६. एमएसडब्ल्यू झालं आहे, दोन वर्षं एका संस्थेत पाणलोटाच्या प्रकल्पावर काम करते. सामाजिक नवोपक्रम आणि शाश्वत विकास या विषयात संशोधक व्हायची इच्छा आहे. यात खरंच करिअर होतं का? पीएचडी करावी का, कुठे आणि कशावर? वडील म्हणतात एमपीएससी कर. माझं इंग्रजी कच्चं आहे आणि गणिताची भीती वाटते.

उत्तर:

करिअर होतं. मी पंचवीस वर्षं याच कामावर मिरजेत घर चालवते आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. पण हे करिअर पदवीपासून सुरू होत नाही. ते एखाद्या गावापासून सुरू होतं, आणि त्या गावात तुम्ही किती वेळा परत जाता यावर उभं राहतं. मला मुख्य म्हणजे हेच सांगायचं आहे. पीएचडी, नेट ही पात्रता परीक्षा, फेलोशिप यांचंही सांगते, पण ते नंतर.

आधी या मोठ्या नावांचं बघू, कारण नवी मुलं त्यांनाच बिचकतात. सामाजिक नवोपक्रम म्हणजे लोकांची अडचण नव्या मांडणीने सोडवणं. यंत्र नवं असेलच असं नाही. कोण ठरवणार, पैसे कोण भरणार, आधी कुणाला मिळणार, हिशेब कुणाच्या हातात राहणार, हे बदललं की नवोपक्रम झाला. ‘शाश्वत विकास’ हा शब्द १९८७च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने जगभर नेला: आपल्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का लागू नये. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याची १७ उद्दिष्टं ठरवली. प्रस्तावात हे सगळं लिहावं लागतं. एका परिच्छेदात लिहा आणि पुढे चला.

कारण सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत ही नावं यायच्या कितीतरी आधी कामं झाली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली, सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात ठेवली आणि ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. गरिबाच्या पोराच्या शिक्षणाचा खर्च कसा उभा करायचा, या प्रश्नाची ती पूर्ण नवी मांडणी होती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, या कल्पनेचा छोटा प्रयोग त्यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात करून पाहिला. १९७७ मध्ये त्यातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने तेच सूत्र घेऊन कायदा केला. एका दुष्काळी तालुक्यातला प्रयोग देशाचा कायदा होईपर्यंत चाळीसएक वर्षं गेली. हा काळ मनात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि तुमच्या खानापूर तालुक्यातच बलवडीचं बळीराजा धरण आहे. तुम्ही तिथे गेला असाल तर पुन्हा जा. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळाने टेकीला आलेले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि काठच्या विहिरी आटत होत्या. लोकांनी मागणी केली की आमच्या नदीतली थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून आमचं धरण बांधू. लोकविज्ञान संघटनेचे कार्यकर्ते आले, के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते आले, आणि बलवडी व तांदुळवाडी या दोन गावांसाठी धरण उभं राहिलं. त्यामागचं तत्त्व असं की पाण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा. पाण्याने जमिनीच्या मागे न जाता माणसाच्या मागे जावं, हे या मातीत तेव्हा ठरलं. माझ्या मते आपल्या भागातलं यापेक्षा मोठं नवोपक्रमाचं उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही.

विद्वानाचं आयुष्य कसं असू शकतं हेही तुमच्या जवळच बघायला मिळतं. गेल ऑम्वेट अमेरिकेत जन्मल्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९७३ मध्ये बर्कलेहून पीएचडी घेतली. मग वाळवा तालुक्यातल्या कासेगावात राहिल्या, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं, श्रमिक मुक्ती दलात पती भारत पाटणकरांबरोबर काम केलं, परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नावर उभ्या राहिल्या, आणि २०२१ मध्ये कासेगावातच गेल्या. अधूनमधून विद्यापीठांत शिकवलं, पण पत्ता कासेगावचाच. ज्या समाजाचा अभ्यास केला त्याच समाजात त्या राहिल्या, म्हणून त्यांचं म्हणणं तपासायला लोकांना ग्रंथालयात जावं लागत नव्हतं. घरी जाऊन विचारता येत होतं.

आता माझी चूक सांगते, कारण माझं करिअर तिथूनच खरं सुरू झालं.

सुरुवातीच्या वर्षांत मी कृष्णाकाठच्या एका सहकारी उपसा सिंचन संस्थेचा अभ्यास केला. संस्थेचं आणि गावाचं नाव घेत नाही. ऑफिसात बसून सभासद यादी उतरवली, पाणीपट्टीच्या पावत्या तपासल्या, भिंतीवरचं टाइप केलेलं पाळीपत्रक, म्हणजे कुणाला पाणी कधी आणि किती वेळ ते, लिहून घेतलं. सगळ्यांना एकरी सारखे तास. मी लिहिलं, वाटप समन्यायी आहे. लेख छापून आला, शाबासकी मिळाली.

चार वर्षांनी दुसऱ्याच कामाने त्या गावात मुक्काम पडला. ज्या आक्कांकडे उतरले होते त्या रात्री दोनला उठल्या. बॅटरी, फावडं, साडीचा ओचा वर खोचलेला. दारं धरायला, म्हणजे रानाला पाणी पाजायला चालल्या होत्या. मीही गेले. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. बांधावर पोचलो तर पाट कोरडा. वर जाऊन बघितलं तेव्हा कळलं की त्यांच्या पाळीतला एक तास कुणीतरी मागून घेतला होता आणि दिरांनी दिला होता. आक्कांना विचारायचा प्रश्नच नव्हता. सातबारा दिरांच्या नावावर, सभासदत्व दिरांचं, पाळी दिरांची. नवरा वारल्यापासून रान त्या कसत होत्या, पण संस्थेच्या लेखी त्या नव्हत्याच. पाणी आलं तेव्हा चार वाजले होते आणि अर्ध्या सऱ्या भिजायच्या आत लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी पाळीप्रमाणे सोडणाऱ्या माणसाला भेटले. त्याने खताच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही काढली. ऑफिसच्या पाळीपत्रकावर नव्हतं ते सगळं त्या वहीत होतं: कुणाची पाळी कुणाला दिली, कुणी किती वेळा बदली घेतली, कुणाच्या नावापुढे नुसतीच फुली. वही पेन्सिलीने लिहिलेली, मळलेली, काही पानं चिखलाने चिकटलेली. दोन हंगामांच्या नोंदी मी तिथेच बसून उतरवल्या. शेवटच्या टोकाची रानं आणि विधवांची रानं, बदलीचा भार बहुतेक त्यांच्यावरच पडत होता. माझ्या पहिल्या लेखातला निष्कर्ष कागदावर बरोबर होता आणि रानात खोटा.

मी दुसरा लेख लिहिला आणि पहिला निष्कर्ष चुकला असं त्यात स्पष्ट लिहिलं. नाव खराब होईल असं बऱ्याच जणांनी मला सुचवलं होतं. झालं उलटंच. पुढची कामं मला त्या दुसऱ्या लेखामुळे मिळाली. त्याहून मोठी गोष्ट अशी की संस्थेच्या वार्षिक सभेत ती वही वाचून दाखवली, आणि तीन वर्षांच्या भांडणानंतर कसणाऱ्या बाईचं नाव पाळीपत्रकावर घ्यायचा ठराव झाला. तेवढ्याने सगळं सुधारलं नाही. आक्कांची पाळी आजही रात्रीचीच येते.

म्हणून सांगते, प्रयोग सुरू होतो तेव्हा सगळे असतात. फलक असतो, फोटो असतात, मंत्री असतात, अहवाल असतो. दहाव्या वर्षी मोटार जळलेली असते, सचिव बदललेला असतो, पोरं पुण्याला गेलेली असतात, आणि तरीही काही ठिकाणी वाटप चालू असतं, काही ठिकाणी बंद पडलेलं असतं. का चालू आहे आणि का बंद पडलं, हे जाऊन बघणारं कुणी नसतं. शाश्वतता हा शब्द खरा होतो तो तिथे. ते बघणं हेच या विषयातल्या संशोधकाचं काम आहे.

हे काम किती वर जाऊ शकतं याचं एक उदाहरण देते, कारण तुम्ही गणिताच्या भीतीबद्दल लिहिलं आहे. एलिनॉर ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राच्या पीएचडीला घेतलं नाही, कारण गणित पुरेसं झालेलं नव्हतं. त्या राज्यशास्त्राकडे गेल्या. लॉस एंजलिसजवळच्या एका भूजल खोऱ्यात उपसा इतका वाढला होता की समुद्राचं खारं पाणी विहिरींच्या दिशेने आत सरकत होतं. पाणी वापरणारे आपसात नियम कसे करतात हे त्यांनी जवळून पाहिलं आणि १९६५ मध्ये त्यावर पीएचडी केली. पुढे त्यांच्या एका विद्यार्थ्याने तेच खोरं पुन्हा अभ्यासलं, तेव्हाचे नियम टिकले का ते बघायला. १९९० मध्ये ऑस्ट्रम यांनी जगभरच्या अशा व्यवस्थांमधून आठ तत्त्वं मांडली. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ती तत्त्वं आपल्या भाषेत आणून बघा: हद्द ठरलेली असावी, नियम त्या रानाला जुळणारा असावा, ज्यांच्यावर नियम लागतो त्यांना तो बदलता यावा, राखण करणारा लोकांना उत्तरदायी असावा, पहिल्या चुकीला दंड लहान असावा, भांडण जवळच्या जवळ आणि स्वस्तात मिटावं. चांगला पाटकरी यातलं निम्मं न वाचता पाळत असतो.

गणिताचं एवढंच, की सरासरी, टक्केवारी, मध्यक, एक्सेलमधली साधी कोष्टकं आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर गावाचा नकाशा काढणं, एवढं सहा महिन्यांत येतं. क्यूजीआयएस फुकट आहे. त्यापुढचं लागेल तेव्हा शिका, किंवा येणाऱ्याला बरोबर घ्या.

आता विषय. तुम्ही पाणलोटात काम करता, म्हणून पाणलोटाच्या यशावर लिहायचा मोह होईल. मी सांगेन, पाणी आल्यानंतरच्या गावावर लिहा. टेंभू योजनेचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने तुमच्या भागात चढवलं जातं. पन्नास वर्षं ज्या तालुक्याची ओळख दुष्काळ होती, जिथली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेली, तिथे पाट वाहू लागला. मग काय झालं? ऊस किती वाढला? बाजरी, मटकी, हुलगा कुणी सोडला? आटपाडीकडच्या मेंढपाळांच्या वाटा कुठे अडल्या? पाझर तलाव आणि नालाबांध आता कुणी दुरुस्त करतं का, की पाट आला म्हणून बांधाकडे बघणंच बंद झालं? उपसा योजनेच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असं सूत्र ठरलं. ते १९ टक्के खरोखर कोण भरतं, ऊसवाल्याच्या बिलातून कापले जातात तसे ज्वारीवाल्याकडून कसे येतात? आणि समन्यायी वाटपाचं काय झालं? त्यासाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींसह कितीतरी जणांनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून वर्षानुवर्षं लढा दिला. तुमच्याच गावच्या चावडीवर बसून हे विचारता येईल, आणि ज्या सहजपणे तुम्हाला उत्तरं मिळतील तशी बाहेरून आलेल्या कुठल्याही मोठ्या विद्वानाला मिळणार नाहीत.

पाण्याचाच विषय हवा असं नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, तोंड बंद केली की आत हवा नाही म्हणून कीड नाही. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आधी कंदील सोडून बघायचं, विझला तर थांबायचं. वीज न लागणारं गोदाम. २००५च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरलं, आता माल शीतगृहांत जातो. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवातली जोखीम कोण घेत होतं, मालक, व्यापारी की उतरणारा हमाल, हे कुणीतरी जुन्या माणसांकडून लवकर लिहून घ्यायला हवं. सातारा जिल्ह्यात म्हसवडची माणदेशी महिला बँक आहे. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी परवाना मागितला तेव्हा अंगठे बघून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, बायकांनी अक्षरं गिरवली, पुन्हा गेल्या, तोंडी व्याजाचे हिशेब करून दाखवले, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. त्या पहिल्या सभासदांच्या मुली आज कुठे आहेत, हा एका प्रबंधाचा विषय आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर मदत आली तशा प्रश्नावल्याही आल्या. काठावरच्या एका गावात मी गेले तेव्हा एक बाई ओल्या भिंतीला टेकून गाद्या वाळवत होत्या. त्यांनी मला पाण्याची रेघ दाखवली, छताच्या खाली वीतभर, आणि म्हणाल्या, अशीच माहिती आधी चौघं-पाचजण घेऊन गेलेत, त्याचं काय झालं ते सांगायला एक पण आला नाही. मी त्या दिवशी फॉर्म पिशवीतून काढला नाही, गाद्या उलटवू लागले. पुढच्या वर्षी अहवाल मराठीत आठ पानांचा करून त्यांच्याच गल्लीत वाचला. वाचताना एका आजोबांनी माझा नकाशा दुरुस्त केला: पाणी नदीकडून आलं असं मी दाखवलं होतं, त्यांच्या आळीत ते आधी मागच्या ओढ्यातून चढलं होतं. तो ओढा माझ्या नकाशावर नव्हताच. लोकांसमोर वाचल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष छापायला देऊ नका. हा सभ्यतेचा भाग आहेच, पण त्यात संशोधनाचीही तपासणी होते.

आता पीएचडीचं व्यवहाराचं बोलू. करावी, कारण स्वतःच्या नावाने प्रकल्प मागायला, विद्यार्थी घ्यायला आणि विद्यापीठात शिकवायला ती लागते. २०२२च्या यूजीसी नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, स्त्रियांना वाढीव दोन वर्षं आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा. नोकरी करत अर्धवेळ करण्याचीही सोय आहे, त्यासाठी संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीची सक्ती आता नाही, तरी छापा. पण चांगल्या ठिकाणी. पैसे भरा, आठ दिवसांत छापून देतो, असे निरोप तुम्हाला येतील. त्यातला एकही स्वीकारू नका. असा एक लेख यादीत असला की निवड समितीतला जाणता माणूस बाकीची यादी बघतच नाही.

कुठे? घराजवळ शिवाजी विद्यापीठ आहे, १९६२ पासूनचं, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांवरचे जुने प्रबंध तिथल्या ग्रंथालयात आहेत. प्रवेश कुठेही घेतलात तरी ते वाचायला जा. टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र ग्रामीण विकासासाठी चांगलं. पुण्यात गोखले संस्था. मुंबईच्या आयआयटीत सितारा नावाचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे, तिथे अभियंते आणि समाजशास्त्रवाले एकत्र काम करतात. पर्यावरणाकडे ओढा असेल तर बेंगळुरूची एट्री ही संशोधन संस्था. आणि पदवी न देणारी पण पाण्याच्या समन्यायी वाटपावर १९९१ पासून काम करणारी पुण्याची सोपेकॉम. तिथल्या लोकांचं लेखन वाचल्याशिवाय तुमचा प्रस्ताव लिहू नका.

पण विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. भेटायला जाण्याआधी त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. किती वर्षं लागली, प्रकरणं वाचून परत कधी मिळायची, मुलींना फील्डवर पाठवताना काय व्यवस्था असायची, हे स्पष्ट विचारा. मी ज्यांच्याकडे काम केलं त्यांनी माझी वही दर महिन्याला मागितली, प्रबंध नव्हे. ते माझं भाग्य.

पैशांचं. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि घरभाडं. वयाची अट ३० आहे, स्त्रियांना पाच वर्षांची सवलत, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. नेट वर्षातून दोनदा होते, समाजकार्य हा विषय आहेच. जेआरएफ हुकली तर तुमच्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्ती बघा. फेलोशिपचे पैसे वेळेवर येतीलच असं धरू नका, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. मी पहिल्या दोन वर्षांत हे केलं नव्हतं आणि एका उन्हाळ्यात फील्डवर जायच्या एसटीच्या भाड्यासाठी भावाकडे मागावं लागलं होतं.

पीएचडीनंतर कायम प्राध्यापकी लगेच मिळेल असं समजू नका. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी हुशार माणसं मला रोज भेटतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण तुमच्या विषयाला दुसरी दारं आहेत. कंपनी कायदा २०१३ मुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. २०२१ पासून, ज्यांची ही रक्कम १० कोटी किंवा जास्त आहे त्यांना एक कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. ते काम करणारी, मराठी बोलणारी, रानात जाणारी माणसं कमी आहेत. माझ्या संसाराचा मोठा भाग मूल्यमापनावर चालला. फक्त एक अट स्वतःला घाला: नियमाने प्रकल्प संपल्यावर वर्षभराने मूल्यमापन चालतं, तुम्ही प्रत्येक गावाचं नाव स्वतःच्या वहीत ठेवा आणि पाचव्या, दहाव्या वर्षी स्वतःच्या खर्चाने का होईना परत जा. मूल्यमापन पोटासाठी, परत जाणं विद्येसाठी. एकाच गावाच्या या दोन नोंदी शेजारी ठेवता आल्या की तुमच्यासारखं लिहिणारं दुसरं कुणी नसतं.

इंग्रजी. फील्डची वही मराठीतच ठेवा. ‘दारं धरणे’ हे इंग्रजीत लिहायला गेलात की रात्र, चिखल आणि बाई तिन्ही गळून पडतात. विचार मराठीत पक्का करा, मग इंग्रजीत लिहा. रोज एक चांगला शोधनिबंध, निदान दोन पानं, शब्दकोश घेऊन वाचलात तर दोन वर्षांत पुरेसं होतं. मी जयसिंगपूरच्या मराठी शाळेतली आहे, मला तेवढाच वेळ लागला.

वडिलांशी भांडू नका. त्यांना पोरीचा महिन्याचा पगार दिसायला हवा आहे, त्यात चूक नाही. त्यांना सांगा की दोन वर्षं नेटचा अभ्यास आणि नोकरी बरोबर चालवते, नोकरी सोडत नाही. नेट झाली की महाविद्यालयात अर्ज करता येतो हे त्यांना समजेल. आणि त्यांना एकदा बरोबर घेऊन बलवडीला जा. त्यांच्या वयाच्या माणसांना ते दिवस आठवतात. कदाचित तुमची पहिली मुलाखत त्यांचीच होईल.

प्रवेश होईपर्यंत थांबू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुमच्या गावातल्या दहा विहिरी निवडा, पाच पाटाखालच्या आणि पाच वरच्या अंगाच्या, शक्य तर एक तरी बाईच्या नावावरची. वजन बांधलेला टेप पुरतो. येत्या मे महिन्यात पहिली पातळी घ्या, त्याच दिवशी मालकाला विचारा की या रानात दहा वर्षांपूर्वी काय होतं, आणि ऑक्टोबरात पुन्हा त्याच विहिरींवर जा. दोन्ही वेळच्या नोंदी झाल्या की पाटकऱ्याची वही मागून बघा, आणि मग मला लिहा. प्रस्तावाचं पहिलं पान आपण त्या दोन नोंदींवरून करू.